लोकलमध्ये ऐकायला दीड हजाराच्या आतले इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन, कोणते घ्यावेत? आवाज भरलेला हवा आणि कान दुखायला नकोत.

तुम्ही लिहिलंय की डोंबिवली ते सीएसएमटी रोजचा प्रवास आहे, आताच्या इअरफोनमध्ये बास जाणवत नाही आणि दादर येईपर्यंत कान ठणकायला लागतात. या दोन तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे: टोकाचं रबर. म्हणून नवे घेण्याआधी रबर बदलून बघा. इअरफोनच्या खोक्यात लहान-मधलं-मोठं असे तीन जोड येतात. बहुतेक लोक मधलं लावलेलं असतं तेच वर्षभर वापरतात आणि बाकीचे दोन खणात पडून राहतात.

इन-इअरचा बास कानाची नळी बंद होण्यावर अवलंबून असतो. आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, एवढासा, तो थोडीशीच हवा ढकलतो. रबर आणि कान यांच्यात फट राहिली की तो दाब निसटतो आणि सगळ्यात आधी खर्ज जातो. वरचे स्वर तसेच राहतात, त्यामुळे गाणं पातळ आणि टोचरं वाटतं. मग आपण आवाज वाढवतो, इअरफोन आणखी आत कोंबतो, आणि त्याची कड कानाच्या कुर्चेवर घासत राहते. रबर मोठं असेल तर उलटं होतं, ते नळीच्या भिंतीवर सतत दाबत बसतं. दोन्ही कान सारखे नसतात, तेव्हा डावीकडे लहान आणि उजवीकडे मधलं लावायला काहीच हरकत नाही. मी तसंच लावतो.

घालण्याचीही पद्धत आहे. दुसऱ्या हाताने कानाची पाळी वरून धरून किंचित वर आणि मागे ओढा, इअरफोन हलकेच फिरवत आत सरकवा, मग पाळी सोडा. आता घरी, शांत खोलीत, विलंबित लयीतला तबला लावा. डग्ग्यावरचा ‘घे’ घुमला पाहिजे. तो ‘के’सारखा थप्पकन संपत असेल तर हवा निसटते आहे. बोटाने इअरफोन जरासा दाबल्यावर घुमारा एकदम आला तर एक माप मोठं रबर लावा. मला ही परीक्षा खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. ‘एक्स्ट्रा बास’, ‘१० मिमी ड्रायव्हर’, ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ यावरून आवाज कसा आहे ते कळत नाही.

एकाही रबराने जमलं नाही तर फोमच्या टिप्स, म्हणजे रबराच्या जागी बसणारी फोमची टोकं, घ्या. बोटांत चोळून बारीक करायच्या, कानात घालून फुगेपर्यंत धरून ठेवायच्या. गाडीचा खडखडाट त्या नेहमीच्या सिलिकॉनच्या रबरापेक्षा चांगला अडवतात आणि दाबही सगळीकडे सारखा पडतो. वरचे स्वर थोडे मऊ होतात, घाम शोषल्यामुळे त्या लवकर खराब होतात. मुंबईत तर फारच लवकर.

तरीही नवेच घ्यायचे असतील तर वायरवाले घ्या. या किमतीत पैसे बॅटरी आणि ब्लूटूथवर न जाता आवाजावर जातात, शिवाय दारात उभं असताना एक बड रुळांवर पडायची भीती नाही. वायर कानावरून मागे जाईल असाच आकार बघा: वजन पाळीवर राहतं आणि शर्टावर वायर घासल्याची खरखर कमी ऐकू येते. केझेड कंपनीच्या ईडीएक्स प्रोची वायर काढता येते, म्हणजे वायर तुटली तरी इअरफोन वाचतात. बास दणदणीत आहे, पण वरची पट्टी जरा बोचते. बायकांच्या आवाजातला ‘स’ मला खटकतो. बजेट थोडं ताणता आलं तर मूनड्रॉप चू २ जास्त समतोल आहे, शास्त्रीय किंवा भावगीतं ऐकत असाल तर तोच घ्या. फोनला ३.५ मिमीचा जॅक नसेल तर टाइप-सीचा डॅकवाला डोंगल (फोनमधल्या डिजिटल सिग्नलचा इअरफोनसाठी आवाज करणारी चिप असलेली छोटी जोडणी) लागेल, तो खर्च आधीच धरा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर जास्तीचे रबर तिथूनच घ्या. स्टेशनबाहेरच्या पथारीवर ओळखीचं नाव फारच स्वस्तात दिसलं तर पुढे चला.

आवाजाचं मात्र सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, ९० डेसिबलवर ही मर्यादा ४ तासांवर येते. फट असलेला इअरफोन गाडीच्या आवाजावर मात करायला तुम्हाला नकळत त्या वरच्या आकड्याकडे नेतो. रबर नीट बसलं की आवाज आपोआप खाली येतो. फलाटावर आणि रस्ता ओलांडताना मात्र निदान एक कान मोकळा ठेवा.

पुढेमागे एका बाजूचा आवाज कमी झाला तर लगेच बिघाड समजू नका. रबर काढून तोंडाची जाळी बघा, मळ अडकलेला असतो. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पावसाळ्यात रबर पुसून, वाळवून ठेवा आणि दुसऱ्याचे इअरफोन वापरू नका, दमट हवेत कानात बुरशी सहज धरते. इअरफोन काढल्यावरही आत दुखत किंवा खाजत राहिलं तर रबराचे प्रयोग थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.