लेकीला विनोदी अभिनेत्री व्हायचंय

ताई, सप्रेम नमस्कार.

लेक बारावीला आहे, ‘आय लव्ह लूसी’ या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेतल्या ल्युसिल बॉलच्या क्लिपा बघून आरशासमोर नकला करते. पण नाट्यशिबिरातले सर ‘ही फार बुजरी, हिचं काही होणार नाही’ म्हणाले आणि तुमचा धीर खचला, असं तुम्ही लिहिलंय.

ल्युसिललाही हेच ऐकावं लागलं होतं. १९११ साली जेम्सटाउनला जन्मलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत गेली. तिथे पुढे हॉलिवूडची मोठी नटी झालेली बेटी डेव्हिस चमकत होती. ल्युसिल मात्र लाजते म्हणून शाळेनं तिच्या आईला कळवलं, पैसे वाया जातायत. मग मॉडेलिंग, १९३३ पासून हॉलिवूडमध्ये किरकोळ कामं, दुय्यम चित्रपट. मालिका १९५१मध्ये सुरू झाली तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. तुमची लेक सतराची आहे, ताई!

मधल्या वर्षांत ती शिकत होती. मूकपटांतल्या विनोदवीर बस्टर कीटननं तिला वस्तू हाताळून हसवायला शिकवलं. चॉकलेट कारखान्याचा १९५२चा भाग लेकीसोबत पुन्हा बघा. चॉकलेटांचा सरकता पट्टा आधी सावकाश येतो, ती नीट कागद गुंडाळते. वेग वाढतो तशी चॉकलेटं तोंडात, टोपीत, कपड्यांत जातात. ती तोंडं वेडीवाकडी करून हसू मागत नाही, काम उरकायची जिवापाड धडपड करते. त्याच भागात तिच्या शेजारी चॉकलेट बुडवणारी बाई नटी नव्हे, खरी कारागीर होती. हसू येतं ते या खरेपणातून, आणि ते तालमीनं येतं.

म्हणून नकला आता पुरे. रोज एकच वस्तू घ्यायची, छत्री किंवा पोळपाट, आणि तिच्याशी पाच मिनिटं बिनशब्द झगडायचं. तुम्ही समोर बसा; कुठे हसलात तेवढंच सांगा.

बारावीनंतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशास्त्राची पदवी करता येते; यंदाची प्रवेशप्रक्रिया त्यांच्याकडूनच समजून घ्या. तिथे जमलं नाही तर एकांकिका जोमात होतात असं कॉलेज निवडा, विषय कुठलाही चालेल. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते, तो विचार नंतर.

हिशेबाचा विषयही तिला शिकू द्या. ल्युसिलनं १९६२मध्ये घटस्फोटित नवऱ्याचा हिस्सा विकत घेऊन दोघांचा देसिलू स्टुडिओ स्वतः चालवला. नटीला करारातलं कळलेलं मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या सरांचं मत मात्र तिच्यासमोर पुन्हा काढू नका.