पगाराची नोकरी सोडून झाडीपट्टीच्या नाटकात उतरावं का?

तुझा प्रश्न मला कळला तो असा. वय २७, मूळ गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये सव्वाचार वर्षं झाली, वर्षाचे १४ लाख. लहानपणी मामाच्या गावी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, पाहिलेली झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातली, रात्रभर चालणारी) नाटकं डोक्यातून जात नाहीत. आपणही लिहावं, जमलं तर तोंडाला रंग लावून उभं राहावं असं वाटतं. दिवाळीला राजीनामा द्यायचा बेत आहे आणि तेव्हापासून बाबा बोलत नाहीत. सोडू का?

तू माझ्या पुतण्याच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. मी ऑर्गन वाजवतो. पायाने भाता मारायचा असतो तो. २००४ ते २०११ मी नागपूरजवळच्या बुटीबोरीला एका कारखान्यात इंजिनिअर होतो. शेवटी हातात ३८ हजार पडत. आमच्या आरमोरीकडच्या गावात हा आकडा सांगितला की म्हातारे विचारायचे, "महिन्याचा का वर्षाचा?" २०११ च्या दिवाळीआधी ती नोकरी सोडली आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका नाटक कंपनीत ऑर्गनवर बसलो. म्हणजे तू जे करायचं म्हणतोस ते मी करून बसलेला माणूस आहे.

घरचं आधी सांगतो, कारण तुझं दुखणं तिथेच दिसतं. माझे बाबा काही बोलले नाहीत. कुदळ उचलली आणि बांधीवर (धानाच्या शेतात) गेले. आईनं विचारलं, "काहून रे बाबू, काढलं का तुले?" आपल्याकडे चांगली नोकरी कोणी आपणहून सोडतं यावर माणसांचा विश्वासच बसत नाही. पुढचं वर्षभर गावात हेच चाललं की याने कंपनीत काहीतरी घोळ केला असणार. बायको मात्र स्पष्ट बोलली : "माया बापानं इंजिनिअर पाहून देल्ली होती, पेटीवाला पाहून नाही." बरोबरच होतं तिचं. हे वाक्य चौदा वर्षांत मी किमान दोनशे वेळा ऐकलं आहे, आणि त्याला उत्तर अजून सापडलेलं नाही.

पहिला हंगाम म्हणशील तर स्वर्ग. भाऊबीज झाली की बुकिंग लागतात ते थेट होळीपर्यंत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, आज या टोकाला तर उद्या त्या टोकाला. दुपारी उठायचं, संध्याकाळी गाडीत सामान टाकायचं, दहा-साडेदहाला पडदा, आणि नाटक संपतं तेव्हा पूर्वेला फटफटलेलं असतं. जानेवारीतली दोन वाजताची थंडी सांगतो तुला. धान कापलेल्या बांधीत मंडप, खाली तनस (धानाचा पेंढा), त्यावर चादरी पांघरून हजार-दीड हजार माणूस. हिरॉईन पातळ साडीत स्टेजवर हसते आणि विंगेत येताच शेकोटीवर हात धरून दात वाजवते. ऑर्गनच्या पट्ट्यांवर दव पडतं. बोटं आखडतात, म्हणून दोन पदांच्या, म्हणजे नाटकातल्या गाण्यांच्या, मधे मी हात काखेत दाबून बसायचो. एवढ्यात मागच्या रांगेतून एखादा म्हातारा ओरडतो, "वन्स मोअर!" आणि तेच पद पुन्हा सुरू. त्या ओरडण्याची किंमत बुटीबोरीत कोणी देत नव्हतं, हे खरं आहे. मी ते नाकारणार नाही.

त्या हंगामात ९२ रात्री वाजवलं. रात्रीचे ७०० रुपये. ६४,४०० झाले. त्यातून चहा, पान, औषधं (सर्दी कायमचीच), दोनदा घरी पाठवलेले पैसे. होळी आली, हंगाम संपला आणि एकदम सामसूम. एप्रिलमध्ये मी अजून हिरो होतो, मेमध्ये उधार मागायला लागलो. जुलैत एक दिवस ऑर्गन उघडला. धानाच्या कोठीशेजारी ठेवला होता, दुसरी कोरडी जागाच नव्हती. उंदरांनी भाता कुरतडून आत पिल्लं घातली होती. गुलाबी, डोळे न उघडलेली पाच पिल्लं, माझ्या पंचमाच्या सुरांखाली. बाहेर रोवणी चाललेली, मजूर मिळत नव्हते, आणि मी मांडी घालून रेक्झिनचा तुकडा सरसाने चिकटवत बसलो होतो. घर चालत होतं बायकोच्या शिलाई मशीनवर. हंगामातल्या टाळ्यांचे किस्से मी लोकांना रंगवून सांगतो, हा किस्सा सहसा सांगत नाही. पण तुला हाच उपयोगाचा आहे.

आणि पैशापेक्षा वाईट गोष्ट दुसऱ्या वर्षी झाली. पोट त्याच्यावरच म्हटल्यावर मी नाही म्हणायचं विसरलो. जे नाटक येईल ते, जी कंपनी बोलावेल ती. चार पदांचं नाटक असेल तर बरं, बाकीच्या ठिकाणी मधे घुसडलेल्या सिनेमाच्या गाण्यांना साथ करायची, तीही अशी की गायकाला स्वतःलाच सूर माहीत नाही. बुटीबोरीत असताना मी शनिवारी रात्री खोलीवर पेटी काढून दोन-दोन तास बसायचो. पूर्ण वेळ वादक झाल्यावर ते दोन तास बंद झाले. सुट्टीच्या दिवशी ऑर्गनकडे बघायलाही नको वाटायचं. नोकरीनं माझी आवड मारली नव्हती, ती मी नोकरी सोडून मारत आणली होती.

मग २०१४ आलं. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, तुला माहीतच आहे. पट भरला की पाव्हणे येतात, पाव्हणे आले की रात्री नाटक, एकाच गावात कधी तीन-तीन नाटकं, शेजारीशेजारी मंडप, आणि सकाळपर्यंत दोन-चार सोयरिकीही जुळलेल्या. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. बैलांचा विषय वेगळा, त्यावर मी भांडणार नाही. पण आमच्या कंपनीच्या वहीतल्या पटाच्या तारखा त्या दिवाळीला रिकाम्या राहिल्या. शर्यतींना पुन्हा परवानगी मिळायला डिसेंबर २०२१ उजाडलं. मधे करोना. २०२० च्या दिवाळीला आमच्याकडे एक बुकिंग आलं नाही. तू लॅपटॉपवर एक्सेलमध्ये काय मांडलं असशील ते असशील, त्यात 'न्यायालय' आणि 'साथीचा रोग' असे दोन रकाने नसतील.

आता मला खरं म्हणायचं आहे ते. नोकरी की आवड हा प्रश्न तुला हिंजवडीत पडला. वडशात हा प्रश्न कोणाला पडलेला मी पाहिला नाही. आमचा ढोलकीवाला सलून चालवतो. खलनायक दिवसा पंक्चर काढतो, आणि मंडईत त्याला शिव्या देणाऱ्या बायाच दुसऱ्या दिवशी सायकल त्याच्याकडे आणतात. विनोदी काम करणारा चार एकर धानवाला. नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर का सुरू होतो? तेव्हा हलका (लवकर पिकणारा) धान घरात येतो, गावाच्या हातात पैसा असतो, बांध्या मोकळ्या होतात आणि नटही मोकळे होतात. ही रंगभूमी धानाच्या वेळापत्रकावर उभी राहिली आहे. ती जगली याचं कारण तिच्यावर कोणी पूर्ण भार टाकला नाही. आमच्या झाडीपट्टीतले नट, गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले, पण दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या दुकानावर, आपापल्या बांधीवर होता. सुरुवातीच्या त्या हंगामांत सगळं सोडून आलेला मी एकटाच होतो, आणि सगळ्यात कडकीही माझीच होती.

मला हे कळायला चार हंगाम लागले. २०१५ च्या पावसाळ्यात जुन्या साहेबांना फोन केला, लाज गिळून. तेव्हापासून नागपूरच्या एका वर्कशॉपची ड्रॉइंगं घरून करून देतो, जून ते ऑक्टोबर भरपूर, नंतर अगदी थोडी. बाबांच्या पश्चात तीन एकर धान माझ्याकडे आहे. २०२४-२५ ला साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० होता, माझे ४५ क्विंटल झाले, म्हणजे १,०३,५०० आणि त्यातला निम्मा खर्चात गेला. हंगामात साठेक रात्री वाजवतो, आता १८०० मिळतात. ज्या नाटकात पदं चांगली तेच घेतो. बाकीच्यांना सरळ सांगतो, जी, तारीख नाही. ही 'तारीख नाही' म्हणायची ऐपत मला ड्रॉइंगांनी दिली, कलेनं नाही. सगळं मिळून बुटीबोरीत राहिलो असतो तर जे झालं असतं त्याच्या जवळपासही नाही. तक्रार नाही, फक्त आकडा माहीत असू दे.

म्हणून सोड किंवा सोडू नको असं मी म्हणत नाही. दिवाळीला सोडू नको एवढं म्हणतो. पाच वर्षं पूर्ण व्हायला तुला नऊ महिने उरले आहेत. पाच वर्षं सलग झाली की ग्रॅच्युइटी लागू होते, त्याआधी राजीनामा दिला तर सहसा काही हाती लागत नाही. पीएफही पाच वर्षांच्या आत काढलास तर त्यावर कर बसतो. मी अडाण्यासारखा पीएफ काढून ऑर्गन घेतला होता. आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरीसोबत जातो हे बाबांचं वय बघून लक्षात घे, आपला वेगळा आरोग्य विमा आधी काढ.

एक विचारू? तू शेवटचं नाटक कधी पाहिलंस? तुझ्या सगळ्या प्रश्नात मामाचं गाव आहे, मंडई आहे, वय वर्षं नऊ आहे. मागच्या हिवाळ्यातली एकही रात्र नाही. तुला नाटक हवं आहे की हिंजवडी नको आहे, हे मला तुझ्या लिहिण्यावरून कळलं नाही. दोन्ही चालेल, पण दोन्हीची औषधं वेगळी. नुसती हिंजवडी नको असेल तर कंपनी बदलून बघ, त्यासाठी भाता मारायची गरज नाही.

नाटक हवं असेल तर या डिसेंबर-जानेवारीत वीस दिवसांची सुट्टी टाक आणि प्रॉम्प्टर म्हणून, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं वाचून द्यायला, ये. हसू नको. आमच्याकडे रोज वेगळं नाटक, तालमी मोजक्या, सगळी मदार प्रॉम्प्टरवर. चांगला वाचणारा पोरगा कोणत्याही कंपनीला हवाच असतो. लिहायचं म्हणतोस ना, मग कोणतं वाक्य नटाच्या तोंडात बसतं आणि कोणतं अडकतं हे तिथे विंगेत बसून जेवढं कळतं तेवढं कुठेच नाही. एकदा आमच्या प्रॉम्प्टरने झोपेत दोन पानं एकदम उलटली. ज्या बापाने आधी मरायचं होतं तो जिवंतच पोरीच्या लग्नात येऊन उभा राहिला. प्रेक्षकांत चुळबुळ नाही. नट हुशार, अक्षता टाकल्या, छाती धरली आणि तिथेच मेला. लोक ढसाढसा रडले. लेखकाला मात्र दुसऱ्या दिवशी कळलं की त्याच्या त्या दोन पानांची गरजच नव्हती.

वीस रात्रींनंतर, सकाळी सहाला गाडीत अंग मोडून बसल्यावरही तुला पुढच्या गावचं नाव विचारावंसं वाटलं, तर मला लिही. मग हंगाम, बिनहंगाम, घरून करता येणारं काम, सगळं बसून मांडू. कंपन्यांची ओळख मी करून देतो. बाबांनाही एका रात्री सोबत घेऊन ये. न बोलता येतील, पण येतील. आमच्याकडच्या त्या वयाच्या माणसाला फुकटचं नाटक नाही म्हणवत नाही.

येताना मफलर आण, जाड मोजे आण आणि बॅटरी स्वतःची आण, नवे सेल टाकून. विंगेतला बल्ब तिसऱ्या अंकात जातोच.