सुरुवातीचं इलेक्ट्रो हिप-हॉप चाळीस वर्षांनंतरही लोक का ऐकतात?

तुम्ही विचारलंय की 1982-84च्या सुमाराचं इलेक्ट्रो हिप-हॉप, म्हणजे ड्रम-यंत्र आणि सिंथेसायझरवर उभं राहिलेलं रॅप आणि नाचाचं संगीत, लोक अजून इतक्या आवडीनं का ऐकतात, कारण तुम्हाला त्यातले ड्रम खेळण्यातल्या कीबोर्डसारखे वाटले. आधी एक सांगा, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलंत का? तसं असेल तर अर्धं गाणं तुमच्यापर्यंत पोचलेलंच नाही. या गाण्यांचा प्राण आहे तो खालचा, सेकंदाला पन्नासेक कंपनांचा ठोका. तो स्वर मोबाईलच्या स्पीकरमधून निघूच शकत नाही. उरतात वरचे टिक-टिक आवाज, आणि ते खेळण्यातलेच वाटणार.

मी लहानपणी तबला शिकलो आणि पुढे बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवला, त्यामुळे माझं उत्तर तालवाद्याच्या बाजूनं आहे.

या सगळ्या संगीताच्या मुळाशी एक जपानी यंत्र आहे: रोलँड कंपनीचं टीआर-808, म्हणजे ठेका भरून ठेवला की आपोआप वाजवणारं ड्रम-यंत्र. ते 1980 साली आलं आणि 1983पर्यंत बनलं, जेमतेम बारा हजार नग. त्याच काळात लिन एलएम-1 नावाचं दुसरं यंत्र होतं. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज रेकॉर्ड करून चिपवर भरलेले होते आणि किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास होती. 808ची किंमत साधारण बाराशे. त्यात रेकॉर्ड केलेलं काहीच नव्हतं, प्रत्येक आवाज सर्किटमधून त्या क्षणी तयार व्हायचा. टाळी म्हणजे खरखरीचे लागोपाठ तीन-चार झटके. काऊबेल म्हणजे दोन बेसूर स्वर एकत्र. झांजेची खरखर आणण्यासाठी तर कंपनीनं मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घेतले होते, आणि पुढे तसे मिळेनासे झाल्यावर यंत्र बनवणंच बंद पडलं. रोलँडला नक्कल खऱ्या ड्रमचीच करायची होती, पण ती साधली नाही, आणि वादकांनी नाकं मुरडली.

माझ्या मते टिकण्याचं रहस्य इथंच आहे. नक्कल जुनी होते, कारण दर काही वर्षांनी तिच्याहून चांगली नक्कल येते. ऐंशीच्या दशकातले 'हुबेहूब' ड्रम आज ऐकले की लगेच त्यांचं वय कळतं. 808चा ठोका जगातल्या कुठल्याच ड्रमसारखा नाही, मग तो कशाच्या तुलनेत जुना वाटणार? मला तो डग्ग्याच्या जवळचा वाटतो. डग्ग्यावर 'गे' वाजवला की थाप संपते पण घुमारा राहतो, आणि त्या आसेवरच पुढचा बोल बसतो. 808वर त्या आसेची लांबी ठरवायला एक बटण आहे. ते पूर्ण फिरवलं की ठोक्याचा स्वर होतो, तालाचाच बेस होतो. आजचे संगीतकार ट्रॅपमधल्या (आजच्या रॅपच्या एका प्रकारातल्या) बेसला नुसतं '808' म्हणतात ते त्यामुळेच.

आणखी एक गंमत. यंत्राच्या खालच्या कडेला 16 बटणं आहेत, चार-चारच्या गटांत लाल, नारिंगी, पिवळी, पांढरी. दिवा एकेका बटणावरून पळत जातो. तीनतालाचे चार विभाग हातावर मोजलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता गाणं. 'प्लॅनेट रॉक', 1982, न्यूयॉर्क. डीजे आफ्रिका बंबाटा आणि त्याचा रॅपरांचा गट सोलसॉनिक फोर्स, निर्माता आर्थर बेकर, कीबोर्डवर जॉन रोबी. सूर घेतला जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक बँडच्या 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'चा, तालाचा साचा त्यांच्याच 'नंबर्स'चा. तोवर रॅपच्या बहुतेक रेकॉर्डवर मागे स्टुडिओतले वादक फंक-डिस्कोचे तुकडे वाजवत, चाल निवांत असे. इथं मिनिटाला सव्वाशेच्या वर ठोके! रॅपर बोलणार कसे? त्यांच्यातल्या ग्लोबनं निम्म्या लयीत, शब्द तोडून फेकायची पद्धत काढली. खाली दुगुन धावते आहे आणि वर माणूस ठाय लयीत बोलतो आहे, या ताणामुळेच गाणं सुटत नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या मुलांनी जर्मन सूर आणि जपानी यंत्र घेऊन स्वतःचं काहीतरी उभं केलं, त्याचा आनंद प्रत्येक ओळीत ऐकू येतो.

पुढे ते भराभर पसरलं. 1983 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये सायबोट्रॉन या गटाचं 'क्लिअर' आलं. त्यातल्या हुआन ॲटकिन्सनं पुढे टेक्नो या यंत्रांवरच्या नृत्यसंगीताचा पाया घातला, आणि 2005 साली रॅपर मिसी एलियटनं 'लूज कंट्रोल'मध्ये त्याच 'क्लिअर'चा तुकडा वापरला. बावीस वर्षांनी, आणि नाचायला तितकाच चोख. लॉस एंजेलिसच्या इजिप्शियन लव्हरचं 'इजिप्ट, इजिप्ट' 1984चं. जॅझवादक हर्बी हँकॉकचं 'रॉकिट' प्रसिद्ध आहे, पण माझ्यासाठी त्यात डीजे ग्रँडमिक्सर डी.एसटीचं स्क्रॅचिंग (रेकॉर्ड हातानं पुढेमागे घासून काढलेला आवाज) खरं, बाकी चकचकीत.

हो, आणि हे यंत्र आपल्याकडेही होतं. 1982 साली मुंबईत हिंदी चित्रपटांसाठी वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 808 आणि रोलँडचीच टीबी-303 (बेसचं यंत्र), ज्युपिटर-8 (सिंथेसायझर) ही वाद्यं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. 2010 साली रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चकित झाले. भैरव आणि 808 इतके छान जमतात हे मलाही तेव्हाच कळलं.

तर आज रात्री बरा हेडफोन लावा, नाहीतर मित्राच्या गाडीत बसा, आणि आधी 'क्लिअर' ऐका, मग 'प्लॅनेट रॉक'. पहिल्या ऐकण्यात शब्दांकडे लक्ष देऊ नका. ठोका पडल्यावर पुढच्या ठोक्यापर्यंत मागे काय उरतं, तेवढंच ऐका.