कारने अख्खी अमेरिका आडवी पार करताना जुन्या मोटारसायकलींचं संग्रहालय बघायला मुद्दाम थांबावं का? इंजिनातलं काही न कळणारे सोबत असतील तर ते कंटाळतील का?

थांबाच, आणि किमान अर्धा दिवस मोकळा ठेवा. जमलं तर हा थांबा प्रवासाच्या उत्तरार्धात येऊ द्या. आम्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे येत होतो, त्यामुळे आपोआप तसं झालं. एसी कारमध्ये बसूनही पाठ धरलेली असताना 1910 च्या सुमाराच्या मोटारसायकलचं चामड्याचं सीट आणि हाताच्या पंजाएवढ्या रुंदीचेही नसलेले टायर बघितले, की माणूस त्या गाडीसमोरून लवकर हलत नाही.

एकच ठिकाण जमणार असेल तर मी नॉर्थ कॅरोलिनातल्या मॅगी व्हॅलीचं ‘व्हील्स थ्रू टाइम’ सुचवेन. ग्रेट स्मोकी माउंटन्स आणि ब्लू रिज पार्कवे तुमच्या यादीत असतीलच, त्यांच्या अगदी शेजारी आहे. डेल वॉक्सलर यांनी आपला संग्रह इलिनॉयहून हलवून 2002 मध्ये इथे मांडला. 2021 मध्ये ते गेले, आता त्यांचा मुलगा ते चालवतो. तीनशेहून जास्त मोटारसायकली, जवळपास सगळ्या अमेरिकन बनावटीच्या. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट ही की इथल्या गाड्या चालू आहेत, आणि तिथली माणसं त्या तुमच्यासमोर सुरू करून दाखवतात.

आम्हाला दाखवली ती एक-सिलिंडरची जुनी हार्ले होती. आधी मागच्या स्टँडवर चढवली, म्हणजे मागचं चाक अधांतरी. पेट्रोलचा कॉक उघडला, ठिणगीची वेळ मागे घेतली, व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) किंचित उचलून धरून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, सोडलं (जुनी बुलेट चालवलेल्यांना डीकॉम्प्रेशनची खिट्टी आठवेल) आणि मग चक्क सायकलसारखे पेडल मारायला सुरुवात. चाकाला वेग आल्यावर व्हॉल्व्ह सोडला, आणि गाडी फायर झाली. व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, म्हणजे पुशरॉड आणि रॉकर, झाकलेले नसतात, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला ते वरखाली नाचताना दिसतात. निळसर धूर आणि तेलाचा वास सगळ्या हॉलभर. या गाड्यांत ऑइल फिरून परत टाकीत येत नसे. इंजिनात जायचं, काम करायचं आणि जळून किंवा गळून संपायचं. स्वाराला मधूनमधून हातपंपाने ते द्यावं लागे. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर ठिणगी देणारा प्लग काळा. हे सगळं खडबडीत मातीच्या रस्त्यावर तोल सांभाळत. माझ्यासोबतच्या, इंजिनाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांनाही ती पाच मिनिटं पुरेशी झाली. पुढचे प्रश्न तेच विचारत होते.

जाण्यापूर्वी मात्र एक छोटा गृहपाठ करा. तुम्ही जो देश ओलांडताय तो मोटारसायकलवर आधी कोणी ओलांडला, हे वाचून जा.

जॉर्ज वायमन 16 मे 1903 ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि 6 जुलैला न्यूयॉर्कला पोचला. गाडी म्हणजे सायकलची फ्रेम, तीत बसवलेलं छोटंसं इंजिन आणि चामड्याचा पट्टा. पश्चिमेत धड रस्तेच नव्हते, म्हणून कित्येक मैल तो रेल्वेच्या स्लीपरवरून धडधडत गेला. न्यूयॉर्क राज्यात इंजिनाने मान टाकली तेव्हा उरलेलं अंतर त्याने पेडल मारून काढलं. मोटारगाडीने हा देश पहिल्यांदा पार झाला तो त्याच वर्षी, पण वायमन पोचल्यानंतर वीस दिवसांनी.

1915 मध्ये एफी हॉचकिस ब्रुकलिनहून हार्लेवर निघाली, साइडकारमध्ये आई. वाटेत ट्यूब संपल्या तेव्हा मायलेकींनी ब्लँकेट कापून त्याच्या गुंडाळ्या टायरमध्ये भरल्या आणि पुढे गेल्या. पुढच्याच वर्षी ऑगस्टा आणि ॲडलीन व्हॅन ब्युरेन या बहिणी दोन इंडियन मोटारसायकली घेऊन निघाल्या. महायुद्धात बायकाही निरोप्याचं काम करू शकतात, हे त्यांना लष्कराला दाखवायचं होतं. चौदा हजार फुटांहून उंच पाइक्स पीक त्या चढल्या, मातीचे रस्ते पार करत पॅसिफिक गाठला. पुरुषी कपडे घातले म्हणून वाटेत पोलिसांनी अडवलं ते वेगळंच. लष्कराने नंतरही त्यांना घेतलं नाही. मला याचा अजून राग येतो.

हे डोक्यात असेल तर त्या काळातल्या इंडियन आणि हार्ले नुसत्या चकचकीत टाक्या राहत नाहीत. पुढच्या चाकाला ब्रेक नाही, दिवा कार्बाइडवर चालणारा, गिअरचा दांडा टाकीशेजारी. मनातल्या मनात त्यावर बसून रॉकी पर्वत उतरून बघा.

वाट दक्षिणेकडून असेल तर अलाबामात बर्मिंगहॅमजवळ, इंटरस्टेट 20 ला लागूनच, बार्बर संग्रहालय आहे. दुग्धव्यवसायातल्या जॉर्ज बार्बर यांनी ते उभं केलं. जगातलं सर्वांत मोठं मोटारसायकल संग्रहालय म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. तिथे सगळं बघायचा हट्ट धरू नका, मेंदू बधिर होतो. पण ब्रिटन व्ही1000 शोधा. न्यूझीलंडच्या जॉन ब्रिटन यांनी मोजक्या मित्रांच्या मदतीने घरच्या वर्कशॉपमध्ये ही रेसची गाडी घडवली. नेहमीची फ्रेमच नाही, सगळा भार इंजिनावर, रेडिएटर सीटखाली, अंग कार्बन फायबरचं. अशा फक्त दहा झाल्या. 1995 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी ते कॅन्सरने गेले.

उत्तरेकडून जाणाऱ्यांनी मिलवॉकीचं हार्ले संग्रहालय बघावं. तिथली माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची गाडी पूर्ण गंजलेली आहे. जपानच्या 2011 च्या त्सुनामीत वाहून गेलेली ही हार्ले वर्षभराने कॅनडाच्या किनाऱ्याला लागली. मालकाचे घरचे लोक त्या लाटेत गेले होते. कंपनीने गाडी दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवली, पण त्याने नको म्हटलं; गेलेल्यांच्या स्मरणार्थ ती आहे तशीच ठेवा, एवढीच विनंती केली.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. मॅगी व्हॅलीचं संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं आणि हंगामातही आठवड्यातले काही दिवस सुट्टी असते, त्यामुळे तारखा बघूनच रस्ता आखा. आणि जुन्या याद्यांमध्ये आयोवातल्या ॲनामोसाचं नॅशनल मोटरसायकल म्युझियम अजून दिसतं. ते 2023 मध्ये कायमचं बंद झालं, गाड्यांचा लिलावही झाला. त्यासाठी वाट वाकडी करू नका.