नुसता समुद्र रंगवून पोट भरतं का?

सप्रेम नमस्कार,

मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, सागरचित्रकारच व्हायचं म्हणते आणि आतापासूनच समुद्राकाठी स्टुडिओ मागते. 'नुसता समुद्र रंगवून पोट भरतं का?' असं तुम्ही विचारलंय.

भरतं. पण ज्यांचं भरलं, त्यांना समुद्राखेरीज बरंच काही येत होतं. व्हॅन डी व्हेल्ड हे डच बापलेक घ्या. वडील छोट्या गलबतातून आरमारी लढाईच्या जवळ जाऊन रेखाटनं करायचे, मुलगा त्यांवरून रंगवायचा. १६७४ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने दोघांना वर्षाला प्रत्येकी १०० पौंड बांधून दिले. स्टुडिओही राजाचाच, लंडनजवळ ग्रीनिचच्या क्वीन्स हाउस या राजवाड्यात! असा राजा आता भेटणं कठीण.

तुम्ही पाठवलेलं चित्र नीट पाहिलं. लाटेच्या माथ्याशी पाणी पातळ होतं आणि उजेड आरपार येऊन हिरवट झाक दिसते, ती तिने अचूक पकडलीय. हे कुणी शिकवलेलं दिसत नाही. पोरीची नजर चांगली आहे. होडीत मात्र गडबड आहे. शीड एका बाजूला फुगलंय आणि डोलकाठीवरचा झेंडा नेमका उलट्या दिशेला फडकतोय. वारा एकच, मग असं कसं? खलाशाच्या डोळ्यांतून हे सुटणार नाही, आणि जहाजांची चित्रं पैसे मोजून काढून घेणारी मंडळी बहुतेक त्याच जगातली असतात.

म्हणून चित्रकलेची रीतसर पदवी घेऊ द्या. तिथे मानवाकृती, यथार्थदर्शन (सपाट कागदावर दूर-जवळ दाखवणं), स्थिरचित्र सगळं करावं लागेल. तिने नाकं मुरडली तरी. सुरुवातीची काही वर्षं चित्रविक्रीवर घर चालेल असं धरू नका. शिकवण्या, पुस्तकांसाठी चित्रं अशी जोडकामं लागतातच.

स्टुडिओचं भाडं तर मुळीच भरू नका. एकोणिसाव्या शतकातल्या आयवाझोव्स्की या रशियन चित्रकाराने हजारो सागरचित्रं काढली, ती बहुतेक स्टुडिओत, स्मरणातून. आधी बघणं मात्र भरपूर, थेट आरमाराबरोबरच्या सफरींवर. तिला घरातला स्थिर उजेडाचा एक कोपरा पुरे.

तूर्तास आठवड्याला एक होडी प्रत्यक्ष बघून काढायला सांगा, दोरखंडांच्या गाठींसकट. कंटाळली नाही, तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीला लागा. कंटाळली, तर तिलाच मला लिहू द्या.