दाराच्या चौकटीचा बेस गिटार झाला, आता मुलाचं काय करायचं?

डोंबिवलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्स, ६१ टक्के. राजापूरचं जुनं घर उतरवलं तेव्हाची सागवानी चौकट बाल्कनीत पडून होती, तिच्यातून पठ्ठ्याने व्हिडिओ बघत बघत आठ महिन्यांत चार तारांचा इलेक्ट्रिक बेस गिटार, म्हणजे खालचे जाड सूर देणारा गिटार, बनवला. पिकअप, ब्रिज, खुंट्या धरून १९ हजार खर्च. आता म्हणतो इंजिनिअरिंग नको, कस्टम बेस बनवणार, त्यासाठी अमेरिकेत कोर्सला पाठवा. वडील म्हणतात सुतारकीच करायची होती तर क्लासची फी कशाला भरली. ताई विचारतात, "ह्यात पोट भरतं का? नसेल भरत तर त्याला समजवायचं कसं?"

ताई, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं आणि फोटो चारपाचदा झूम करून बघितले, कारण अशा केसमध्ये मला मार्कशीटपेक्षा फोटोतून जास्त कळतं.

तिसरा फोटो बघा. फिंगरबोर्डवर, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या पट्टीवर, मास्किंग टेप चिकटवलाय आणि त्यावर पेन्सिलने बारीक आकडे आहेत, ४८.४७, ९४.२२, १३७.४०, असे पुढे पुढे. हे काय आहे माहितीये का? बेसची तार वरच्या नटपासून, म्हणजे डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीपासून, खालच्या ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवरच्या टेकूपर्यंत, साधारण ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागलं की पहिल्या फ्रेटची, म्हणजे फिंगरबोर्डवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीची, जागा मिळते, मग उरलेल्या लांबीला परत त्याच आकड्याने भागायचं, परत उरलेल्याला, असं करत गेलं की बाराव्या फ्रेटला तार बरोब्बर अर्धी होते. आता नवखी पोरं काय करतात, एका फ्रेटपासून पुढचा फ्रेट मोजतात, मग दर वेळी केसभर चूक साठत साठत वरच्या फ्रेटला पोचेपर्यंत सूर भलतीकडेच गेलेला असतो. तुमच्या मुलाचे सगळे आकडे नटपासून मोजलेले आहेत. त्याला हे कोणी सांगितलं नसेल आणि त्याचं त्याला सुचलं असेल, तर ६१ टक्के जरा बाजूला ठेवा.

आता पाचवा फोटो, तो उभा राहून वाजवतोय तो. त्याचा डावा हात वाजवत नाहीये ताई, मान खाली पडू नये म्हणून धरून ठेवलीये त्याने. पट्टा अडकवायचं बटण असतं ना, ते बॉडीच्या वरच्या शिंगाच्या टोकाला असतं, आणि ते साधारण बाराव्या फ्रेटच्या आसपास यायला हवं, ह्याचं शिंग आखूड राहिलंय त्यामुळे ते सोळाव्याच्या जवळ गेलंय. मग डोक्याकडची बाजू जड होऊन खाली झुकणारच. आणि तुम्ही लिहिलंय की किचनच्या काट्यावर साडेपाच किलो भरला. बाजारातला बेस चारेक किलोचा असतो. सागवान दिसायला देखणं, घरातली पन्नास वर्षं वाळलेली चौकट म्हणजे तर सोनंच, पण खांद्यावर तीन तास टांगून ठेवायचं म्हटलं की आतून पोखरून वजन काढावं लागतं. हे त्याला ओरडायला नाही सांगत, पहिल्या बेसमध्ये हे सगळ्यांचं होतं. पण त्याने तुम्हाला ही अडचण सांगितली का? त्याला ती जाणवली तरी का? मला खरं ते जाणून घ्यायचंय. कारण त्याने हा बेस स्वतःसाठी बनवलाय, आणि आपल्या लेकराचं नाक कोणाला नकटं दिसतं.

कस्टम ह्या शब्दात गिऱ्हाईक आलं. म्हणजे समोरचा येऊन सांगणार की माझी बोटं आखूड आहेत, पाठ दुखते, मला पाचवी तार पाहिजे आणि ती खालच्या सुरात लोळागोळा नको व्हायला, आणि हे सगळं ह्या बजेटमध्ये. दुसऱ्याची तक्रार ऐकून ती लाकडात उतरवायची, डिझाइन डिझाइन म्हणतात ते हेच. लिओ फेंडर ह्या माणसाने १९५१ साली फ्रेटवाला इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला, प्रिसिजन नाव त्याचं, फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून. हा माणूस शिकला होता अकाउंटिंग, दुकान होतं रेडिओ दुरुस्तीचं आणि गिटार त्याला वाजवताच यायची नाही. पण वाजवणारे दुकानात येऊन रडगाणं सांगायचे आणि हा ऐकून घ्यायचा. दुसरा नेड स्टाइनबर्गर, ब्रुकलिनला फर्निचर डिझाइन करायचा. बेस बनवणाऱ्या स्टुअर्ट स्पेक्टरबरोबर एकाच लाकूडकामाच्या जागेत होता, तिथून ह्या नादाला लागला. आधी अंगाला बसेल अशी वळणदार बॉडी केली आणि मग मान झुकते ह्या दुखण्यावर त्याने बेसचं डोकंच उडवून टाकलं, खुंट्या खाली ब्रिजकडे नेल्या. म्हणजे तुमच्या पाचव्या फोटोतल्या दुखण्यावर एका माणसाचं करिअर उभं राहिलंय. हे चिरंजीवांना जरूर वाचून दाखवा.

आता पोटाचं. सरळ सांगतो, आपल्याकडे नुसते नवीन बेस बनवून विशीतल्या मुलाचं घर चालेल असं मला वाटत नाही, महिन्याला एक ऑर्डर येईल ह्या भरवशावर तर अजिबात राहू नये. पण दुरुस्ती आणि सेटअपचं, म्हणजे तारा-मान नीट लावून द्यायचं, काम आहे आणि ते नीट करणारी माणसं कमी आहेत. माझंच सांगतो, पनवेलला राहायचो तेव्हा जुलै महिन्यात माझ्या गिटारच्या तारा फ्रेटपासून इतक्या वर आल्या की बोटं सोलायची. एका दुकानात नेली तर म्हणाले मान गेली, नवीन घ्या. मग कोणीतरी एका पोराचा पत्ता दिला, त्याने मानेवरून डोळा लावून बघितलं, आतल्या ट्रस रॉडला, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या सळईला, ॲलन कीने पाव वळसा दिला, उद्या परत या म्हणाला, दुसऱ्या दिवशी अजून थोडा. झालं. चार तारा मिळून बेसच्या मानेला पाऊणशे-ऐंशी किलोने ओढत असतात, त्यात आपला पावसाळा, लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि डिसेंबरात आकसतं. थंड कोरड्या देशातून आलेली वाद्यं इथे दर वर्षी हेच करणार, त्यामुळे हे काम संपणारं नाही. आणि दुरुस्तीला आलेले पन्नास बेस उघडले की कुठे काय मोडतं ते कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळतं.

अमेरिकेचं आत्ता नको. शाळा आहेत चांगल्या, फिनिक्सची रॉबर्टो-व्हेन १९७५ पासून हेच शिकवते, पण काही महिन्यांच्या कोर्ससाठी कर्ज काढायचं आणि परत येऊन बाल्कनीतच बसायचं, हा हिशेब मला पटत नाही. चोविसाव्या वर्षी हात बसलेला असताना जाऊ दे, तेव्हा शिकेल पण जास्त.

त्याऐवजी दोन वाटा दिसतात. त्याला चित्र काढायला आवडत असेल तर यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा द्यावी, आयआयटी बॉम्बेच घेते, बारावी कुठल्याही शाखेची चालते, आणि डिझाइनच्या डिग्रीत वर्कशॉप मिळतं, माणसाच्या हाताची-पाठीची मापं शिकवतात, पुढे बेस नाही झाला तरी नोकरी आहे. हात जास्त चालतो आणि पुस्तक नको असेल तर आयटीआयचा कारपेंटर ट्रेड, एका वर्षाचा आहे, रंधा-पटाशी नीट हातात बसते, आणि बाजूने डिस्टन्सने बीकॉम करू दे. बीकॉमला हसू नका, फेंडरचं सांगितलं ना आत्ताच. सोल्डरिंग त्याला येतंय असं दिसतंय, वायरिंगचा फोटो स्वच्छ आहे.

आणि एक माझ्या मनातलं. पंधरा दिवस मिरजेला पाठवा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण तेवढ्यासाठी नाही, जवारी, म्हणजे तारेचा झणकार, लावताना बघायला. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस एकदाच हलकी फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, परत फिरवतो. किती घासायचं ते कान ठरवतो. फ्रेट घासून एका पातळीत आणताना हाच कान लागतो आणि तो इंग्रजी व्हिडिओत दिसत नाही. कोणी शिकवेलच असं नाही, पण चहा आणून देत बसला तरी चालेल.

दादांना म्हणजे तुमच्या मिस्टरांना सांगा की त्यांचा राग समजतो, पण सुतारकी हा शब्द शिवीसारखा वापरू नका, पोरगं ऐकत असतं. बोटांची काळजी मात्र त्यांची अगदी बरोबर आहे, राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, हे खेळणं नाही. फोटोत मास्क दिसला नाही. शिसवीची आणि सागाची धूळ छातीला आणि कातडीला त्रास देते, एन९५ हवाच, आणि वाळत घातलेले कपडे आधी आत घ्यायला लावा, तुमची ती तक्रार रास्तच आहे.

तर असं करा. त्याला म्हणावं दुसरा बेस बनव, पण स्वतःसाठी नाही. ओळखीतला एखादा ऑर्केस्ट्रात नाहीतर चर्चमध्ये वाजवणारा बेसवाला शोध, त्याला काय हवंय ते वहीत लिहून घे, सामानाचे पैसे त्याच्याकडून घे, मजुरी नको, आणि तारीख कबूल कर. परीक्षा आणि ॲडमिशन सांभाळून जून ते जानेवारी पुरेसे आहेत, पावसाळाही मध्ये येईल म्हणजे मान काय करते तेही दिसेल. बेस त्या माणसाने महिनाभर वाजवला की त्याने काय काय खोट काढली ते मला लिहून पाठवा, आणि हो, किचनच्या काट्यावर किती भरला ते पण.