कोठडी, कैद की स्थानबद्धता? कुठला शब्द कधी वापरायचा

बातमी लिहिताना अटक, कोठडी, कैद, स्थानबद्धता हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. दोष सिद्ध झालाय का आणि माणूस कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी बघा.

अटक झाली की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं. कोठडी त्यानंतरची. पोलीस कोठडीत तो तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात, लॉकअपमध्ये असतो. न्यायालयीन कोठडीत त्याची रवानगी कारागृहात होते आणि तिथे चौकशी करायची तर पोलिसांना न्यायालयाची परवानगी लागते. कोर्टात पोलीस कोठडीला पीसीआर (पोलीस कस्टडी रिमांड) आणि न्यायालयीन कोठडीला एमसीआर (मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड) म्हणतात. नेहमीच्या गुन्ह्यांत पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात, हे दिवस तुकड्यांनीही मागता येतात. त्यामुळे कारागृहात गेलेल्या आरोपीला पुन्हा पोलीस कोठडी मिळाल्याची बातमी आली, तर ती चूक समजून खोडू नका.

सगळ्यात जास्त खटकतं ते ‘चार दिवसांच्या कोठडीची शिक्षा’. कोठडी ही शिक्षा नव्हेच! ‘चार दिवसांची पोलीस कोठडी दिली’ एवढंच लिहा. वाचणाऱ्याच्या मनात तो माणूस निकालाआधीच गुन्हेगार ठरतो, म्हणून हा आग्रह. खटला संपेपर्यंत तो न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चा कैदी. दोषी ठरून शिक्षा लागली की सिद्धदोष बंदी.

शिक्षेत साधी कैद आणि सक्तमजुरी असा फरक आहे, तो निकालपत्रात बघूनच लिहा. जन्मठेप म्हणजे १४ वर्षं हा गैरसमज आहे. जन्मठेप मरेपर्यंतची असते. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात सरकारने शिक्षेत सूट दिली तरी १४ वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सुटका नाही, असा तो आकडा आहे.

स्थानबद्धतेत खटलाच नसतो. पुढे काही घडू नये म्हणून प्रशासन आदेश काढतं आणि ३ महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय लागतो. वेगळा गुन्हा दाखल नसेल तर अशा माणसाला ‘आरोपी’ लिहू नका. राहत्या जागीच पहारा बसवला असेल तर नजरकैद म्हणा.

पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. या दोन्हींना जामीन म्हणू नका. रजा संपली की कैद्याला परत हजर व्हावंच लागतं.